अध्यक्षांच्या मापाचं मशीन

नाव: शेख निखत बाबामियाँ. राहणार: कळंब. पदनाम: कनिष्ठ साचा व्यवस्थापक, आभासी यंत्रे विभाग. नेमणुकीचा प्रकार: कंत्राटी, मुदत अकरा महिने. कर्तव्ये व अधिकार: उद्योग समूहाच्या खासगी क्लाउडमधील एकूण एक हजार पाचशे छत्तीस जीबी मेमरीचे वाटप, पुनर्वाटप व नियमन करणे, हार्डवेअर प्रोफाइल, म्हणजेच साचे, तयार करणे, जतन करणे व आवश्यकतेनुसार रद्द करणे, तसेच वरिष्ठ सांगतील ती इतर कामे. सदर व्यक्ती समूहाच्या संपूर्ण संगणकीय क्षमतेची एकमेव नियंत्रक असून तिच्या स्वाक्षरीशिवाय कोणतेही आभासी यंत्र अस्तित्वात येऊ शकत नाही.

हा मजकूर नेमणूकपत्रातून जसाच्या तसा उतरवला आहे. 'इतर कामे' या दोन शब्दांत प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणं, संचालकांच्या फोनमधली जागा मोकळी करणं आणि आल्यागेल्याला वायफायचा पासवर्ड सांगणं येतं. यंत्रं अस्तित्वात आणायचा अधिकार असलेल्या माणसाला एवढं करावंच लागतं.

समूह म्हणजे जिल्ह्यातला एक सहकारी साखर कारखाना आणि त्याच्या सावलीत वाढलेली पतसंस्था, दूध संघ आणि दोन कॉलेजं. नकाशावर शोधू नये, सापडणार नाही. कारखान्याचे अध्यक्ष बलभीमअण्णा एकदा अभ्यासदौऱ्यावर गेले आणि येताना क्लाउड घेऊन आले. मराठवाड्यात ढगाला कुणी नाही म्हणत नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि जुन्या प्रयोगशाळेच्या खोलीत एसी बसला.

क्लाउड समजायला अवघड नाही. तीन मोठे कॉम्प्युटर थंड खोलीत ठेवायचे आणि त्यांची ताकद वाटून छत्तीस छोटे कॉम्प्युटर आहेत असं सगळ्यांनी मानायचं. हे छोटे कुणाला दिसत नाहीत, पण टेबलावरच्या पडद्यातून कामाला मात्र येतात. कुणाच्या वाट्याला किती प्रोसेसर, किती मेमरी आणि किती डिस्क, हे साच्यावरून ठरतं. परातीत पीठ ठरलेलं असतं. एकाची भाकरी थोराड थापली की दुसऱ्याची पापडाएवढी होते, एवढंच त्यातलं शास्त्र.

पुण्याहून आलेल्या सल्लागारानं चार साचे करून दिले होते: लहान, मध्यम, मोठा, अतिमोठा. कामाला किती लागतं ते बघून द्या, असं सांगून तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. काम बघून द्यायचं ही कल्पना समूहाला नवीन होती.

कार्यालयीन अधीक्षक मल्लिनाथ स्वामी यांनी यादी वाचली आणि त्यांना पहिल्याच शब्दाशी ठेच लागली. मल्लिनाथ सर मूळचे उमरग्याचे. तीस वर्षांत त्यांनी एकाही पाहुण्याला चुकीच्या खुर्चीवर बसू दिलेलं नाही.

"संचालकाला 'लहान' म्हनायचं? कागदावर?" त्यांनी विचारलं.

सल्लागार गेला होता, त्यामुळं उत्तर त्यांनीच दिलं. साच्यांची नावं बदलली: कर्मचारी, अधिकारी, संचालक, अध्यक्ष. कार्यालयात खुर्ची, पंखा आणि चहा ज्या क्रमानं मिळतो, त्याच क्रमानं मेमरी मिळू लागली. अध्यक्षांना कपाखाली बशी असते. त्यांच्या मशीनला एकशे अठ्ठावीस जीबी. सतरा संचालकांना चौसष्ट-चौसष्ट. बारा अधिकाऱ्यांना सोळा-सोळा. क्लाउडला स्वतःला जगायला शंभर लागतात. उरले अठ्ठावीस. त्यात सहा कर्मचाऱ्यांना दोन प्रोसेसर, चार जीबी, असे साचे बसले आणि चार जीबी शिल्लक राहिले, अचानक कुणी बदलून आलं तर.

निखत आली ती हे सगळं झाल्यावर. नियंत्रक म्हणून तिच्याकडं नियंत्रण करायला चार जीबी होते.

तिनं पहिल्या आठवड्यात आलेख काढून पाहिले. सतरापैकी अकरा संचालकांनी पासवर्डचं पाकीटही फोडलेलं नव्हतं. एकाच्या मशीनवर नातवाच्या वाढदिवसाचा बॅनर होता, एकाच्या मशीनवर पत्ते. अध्यक्षांच्या मशीनवर एकच फाइल उघडी होती: क्लाउडच्या उद्घाटनाचं भाषण, पान दुसरं. त्या पानावर एकशे अठ्ठावीस जीबी मेमरी आणि बत्तीस प्रोसेसर दिवसरात्र सावली धरून उभे होते.

आणि कर्मचारी साच्यात काय होतं? एक निखतचं स्वतःचं मशीन. आणि एक शंभूचं. शंभू शेतकी विभागातला लिपिक. त्याच्या मशीनवर क्रमपाळीचा प्रोग्राम चालायचा. कुठली गाडी यार्डात कधी आली, तिला कितवा नंबर, काट्यावर कधी जायचं, गव्हाणीत ऊस कधी पडायचा, हे सगळं तोच सांगायचा. एकोणीस हजार ऊस उत्पादकांची नोंद त्यात होती. पण अर्ज शंभूच्या सहीनं गेला होता आणि शंभू लिपिक होता. म्हणून कारखाना चार जीबीवर चालत होता.

गेल्या हंगामात पहिल्याच दिवशी तीनशे गाड्या आल्या आणि प्रोग्राम बसला तो बसला. उठवला तेव्हा नंबर विसरून आला. यार्डातले चौदा ड्रायव्हर आपलाच नंबर एक्केचाळीस आहे असं शपथेवर सांगत होते. एकतीस तास लाईन हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढोकीकडच्या सारजाबाई सर्व्हरच्या खोलीत आल्या. त्यांची एक ट्रॉली लाईनीत होती आणि मुलावर विश्वास नसल्यामुळं त्या स्वतः ट्रॉलीबरोबर आल्या होत्या. एसीची हवा लागल्यावर त्यांनी आधी पदर सारखा केला, मग विचारलं, "मशीनीवालं कोन हाय?"

"मी," निखत म्हणाली.

"तू? एवढुशी तू अन् एवढी लाईन लावलीस व्हय? म्या काल सकाळधरनं बसलेय. ऊस वाळला, म्या वाळले. तुजं मशीन जेवलंय का न्हाय?"

"न्हाय, काकू. त्याला कमी वाढलंय."

"मग वाढ की! वाढनारी कोन हाय?"

नेमणूकपत्रानुसार वाढणारी निखतच होती. तिनं सारजाबाईंना पाणी दिलं.

चौकशी झाली. संगणक विभागाच्या हलगर्जीपणामुळं प्रकार घडला असं निष्पन्न झालं. संगणक विभागात एकूण एक व्यक्ती होती, त्यामुळं दोषी शोधायला वेळ गेला नाही. सभेनं ठराव केला: येत्या गळिताच्या पहिल्या दिवशी यार्ड अडकल्यास सदर कर्मचाऱ्यास पुन्हा मुदतवाढ देण्यात येऊ नये.

अशी नोकरी जिल्ह्यात दुसरी नाही. ही गेली तर पुढची पुण्यात. पुण्याला जायला निखतची ना नव्हती. अडचण फक्त सुयांची होती. तिचे वडील बाबामियाँ कळंबच्या बाजारात शिवणकाम करतात. वय एकाहत्तर. हात अजून चालतो, माप नजरेनं कळतं, पण सुईत दोरा जात नाही. घरात दोघंच. रोज सकाळी आठच्या एसटीआधी निखत चौदा सुया ओवून एका जुन्या कॉलरच्या तुकड्यात टोचून ठेवते. काजं, बटणं, तुरपाई, सगळं त्या चौदांत भागतं. पंधरावी लागली तर दुकान त्या दिवसापुरतं बंद. सुई ओवायचं छोटं यंत्र तिनं आणून दिलं होतं. ते बाबामियाँनी कौतुकानं कपाटात ठेवलं आहे, पाहुण्यांना दाखवायला.

हंगामाला महिना उरला तेव्हा ती मल्लिनाथ सरांच्या टेबलापाशी गेली.

"सर, शंभूच्या प्रोग्रामला चौसष्ट जीबी लागतील."

"म्हंजे संचालक साचा."

"व्हय, सर."

मल्लिनाथ सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, शंभूला संचालक साचा दिला तर उद्या तो मीटिंगला येऊन बसंल."

"शंभूला न्हाय, सर. त्याच्या प्रोग्रामला."

"प्रोग्राम कुनाच्या नावावर हाय?"

"शंभूच्या."

"मग?"

निखतनं दुसरीकडून सुरुवात केली. "एखाद्या संचालकसाहेबांचं कमी करू का? अकरा जनांनी पाकीटबी फोडलं न्हाय."

"करा की. लेखी संमती आना त्यांची. म्या कुठं अडवलंय?"

ती खरोखरच गेली. पहिले संचालक म्हणाले, माझ्या एकट्याचंच का? दुसरे म्हणाले, आधी अण्णांचं कमी करा, मग बघू. तिसऱ्यांना आपल्याला मशीन आहे हेच ठाऊक नव्हतं. चौसष्ट जीबी आहे हे कळल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "पासष्ट कुनाला हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुया ओवता ओवता तिनं हे सगळं बापाला सांगितलं. बाबामियाँ शाळेच्या गणवेशाला खिसा लावत होते. घरात ते दख्खनीच बोलतात.

"वो सरपंच याद है क्या तेरेकू?" त्यांनी विचारलं. "कमर चालीस, होर बोलता था चौतीसकी पँट सी."

"फिर?"

"फिर क्या. चालीसकीच सिया. अंदर लेबल लगाया चौतीस. बीस साल दूसरे टेलरकने नई गया. अब्बी बी लोगांकू बोलता, बाबामियाँका हात किसकूच नई."

"उसकू मालूमच नई पडा?"

"पँट कमरकू बैठी ना? और क्या मालूम पडना है?"

निखतनं चौदावी सुई कॉलरमध्ये टोचली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिची आठची गाडी चुकली.

कार्यालयात पोचल्यावर तिनं नवा साचा केला. क्लाउडमध्ये शिवलेला साचा उसवून आवळता येत नाही. दुसरा शिवायचा आणि मशीनला जुन्यातून काढून नव्यात घालायचं. घालताना मशीन एकदा बंद करून चालू करावं लागतं. डिस्क तर कधीच कमी होत नाही, ती आहे तेवढी ठेवावीच लागते, आणि संचालकांपासून वर सगळ्यांना ती पाचशे जीबीची होती. म्हणून नव्या साच्याचं माप असं आलं: डिस्क पाचशे, प्रोसेसर दोन, मेमरी चार. नाव ठेवलं 'परमसन्माननीय'. मग एक खूण अशी करून ठेवली की परवानगी दिलेल्यालाच तो यादीत दिसावा, बाकीच्यांना दिसूच नये. ही सोय क्लाउडमध्ये आधीपासूनच होती, कुणी वापरली नव्हती.

तिनं खोटं काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ते पाळणं सोपं गेलं.

"अण्णा, एक नवा साचा केलाय," ती बलभीमअण्णांच्या केबिनमध्ये उभी राहून म्हणाली. "परमसन्माननीय. सध्या एकालाच दिसतो."

"कुनाला?"

"तुमाला."

अण्णांनी फोन उलटा ठेवला. "काय काय हाय त्यात?"

"डिस्क पाचशे जीबी. प्रोसेसर दोन, मेमरी चार."

"पाचशे," अण्णा म्हणाले. "आन् बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना दिसतच न्हाय."

"मग घाला की आमाला त्यात, पोरी! इचारता काय!"

मशीन बंद झालं, चालू झालं. निखतनं आठवणीनं भाषणाची फाइल उघडून दुसरं पान समोर आणून ठेवलं.

तिनं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. सांगायची गरजही पडली नाही. अण्णांनी दुपारी जेवताना आपल्या मशीनचा साचा आता दुसऱ्या कुणाला दिसतसुद्धा नाही एवढंच म्हटलं, तेही डाळ मागता मागता. चार वाजता पहिलं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सतराच्या सतरा पत्रं आली होती, सगळी लेटरहेडवर. एका संचालकांनी आपल्या वडिलांनी कारखान्याच्या पायाभरणीला दिलेल्या जमिनीचा उतारा जोडला होता. पासष्टवाल्यांनी मोजकंच लिहिलं होतं: 'इतरांस जे देण्यात येईल ते.' ज्या लेखी संमतीसाठी निखत दारोदार फिरली होती, ती आता तिच्या टेबलावर पेपरवेटखाली फडफडत होती.

नव्या साच्याचा तक्ता सहीसाठी मल्लिनाथ सरांकडं गेला. त्यांनी तो ओळीवर बोट ठेवून वाचला.

"मेमरी चार."

"व्हय, सर."

"कर्मचारी साच्याची किती हाय?"

"चार."

मल्लिनाथ सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"डिस्क?"

"पाचशे."

"मग डिस्क वर लिवा आन् मेमरी खाली. तक्त्यात मोठं आधी पायजे."

तिनं तक्ता बदलून आणला, त्यांनी सही केली. त्यांना सगळं कळलं होतं, की नुसती तक्त्याची मांडणी खटकली होती, हे सांगता येत नाही. त्यांच्या मेहुण्याच्या दोन ट्रॉल्या पहिल्याच दिवशी यार्डात येणार होत्या, एवढं मात्र नोंदवून ठेवायला हरकत नाही.

अध्यक्षांच्या मागोमाग सतरा संचालकही दोन दिवसांत नव्या साच्यात गेले. अकराशे चव्वेचाळीस जीबी मेमरी मोकळी झाली. कुणाचंही काम अडलं नाही. पत्ते नीट चालत होते.

पण खरी गंमत पुढं झाली. 'संचालक' साचा आता कुणाच्याच अंगावर नव्हता. थोरल्याचा सदरा धाकट्याला, धाकट्याचा गड्याला, ही रीत मल्लिनाथ सरांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"सर, संचालक साचा आता कुनीच वापरत न्हाय," निखत म्हणाली.

"जुना झाला की तो. देऊन टाका शंभूला. वापरंल बिचारं."

आणि बिचारं शंभू सोळा प्रोसेसर आणि चौसष्ट जीबीत जाऊन बसलं.

"साहेबलोकांचं उतरलेलंच दिलं न्हवं, मॅडम?" त्यानं विचारलं.

"व्हय. चालंल ना?"

"चालंल की. आपल्याला काय, नव्याचा लई सोस न्हाय." मग त्यानं विचारलं, "तुमाला न्हाय का दिलं?"

"मला कशाला? मी कर्मचारी."

गळिताच्या पहिल्या दिवशी सकाळी आठलाच यार्डात तीनशे वीस गाड्या होत्या. निखत त्या दिवशी सातच्या एसटीनं आली होती. सुया अंधारातच ओवून झाल्या होत्या. गव्हाणीची पूजा झाली, नारळ फुटला, अण्णांनी मोळी टाकली. त्यानंतर अण्णांनी आपल्या परमसन्माननीय मशीनवरून बटण दाबायचं आणि पहिल्या गाडीचा नंबर बाहेर पडायचा, असा कार्यक्रम छापलेला होता. मांडवात मोठा पडदा लावला होता. अण्णांनी बोट ठेवलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरत राहिला. निखत काट्याशेजारच्या केबिनमध्ये शंभूच्या मागं उभी होती आणि तिच्या ओढणीचं टोक तिच्याच मुठीत चुरगळत होतं. करार त्या गोलासोबत फिरत होता.

पावणेदोन मिनिटं गेली.

"वेळ लागतोय," एक संचालक हळूच म्हणाले.

"लागनारच," शेजारच्यांनी समजावलं. "एवढं मोठं मशीन हाय. रेल्वे न्हाय का, मालगाडीला निघायला येळ लागतो?"

गोल थांबला. बटणाचा निरोप शंभूच्या मशीनला पोचला, आणि पुढचं सगळं काम त्या उतरलेल्या साच्यात झालं. शंभूनं 'हां' म्हणायच्या आत पहिली चिठ्ठी बाहेर आली, मग दुसरी, मग तिसरी. मांडवात टाळ्या झाल्या. त्या थांबल्या तेव्हा सात गाड्या काट्याकडं वळल्या होत्या. अण्णांनी माईक हातात घेतला आणि मशीन म्हणजे काय असतं, यावर ते पंचवीस मिनिटं बोलले.

शंभूनं खुर्ची फिरवली. "मॅडम, नंबर एक्केचाळीस एकालाच मिळालाय."

सारजाबाईंची ट्रॉली दुपारी पावणेतीनला रिकामी झाली. यंदा त्या खोलीत आल्या नाहीत. जाताना ट्रॅक्टर थांबवून केबिनच्या खिडकीतून ओरडल्या, "आज जेवलंय वाटतं गं तुजं मशीन!"

संध्याकाळी यार्ड रिकामं होतं.

पुढच्या सभेत ठराव क्रमांक नऊ मंजूर झाला. तो असा: 'परमसन्माननीय या अत्युच्च क्षमतेच्या साच्याच्या यशस्वी कार्यान्वयनामुळे यार्ड व्यवस्थापनात क्रांतिकारक सुधारणा घडून आल्याचे ही सभा अभिमानपूर्वक नमूद करते. सदर साच्याच्या निर्मात्या शेख निखत बाबामियाँ यांना अकरा महिन्यांची मुदतवाढ देण्यात येत आहे. तसेच त्यांच्या उल्लेखनीय सेवेचा गौरव म्हणून, पद कनिष्ठ असूनही, एक विशेष बाब या सदराखाली, त्यांचे स्वतःचे मशीन कर्मचारी साच्यातून काढून परमसन्माननीय साच्यात समाविष्ट करण्यास ही सभा एकमताने मंजुरी देत आहे. सूचक: अध्यक्ष महोदय.'

दुसऱ्या दिवशी निखतनं चौदा सुया ओवल्या, आठची एसटी पकडली आणि ठरावाची अंमलबजावणी केली. मशीन एकदा बंद होऊन चालू झालं. आधी त्यात दोन प्रोसेसर आणि चार जीबी मेमरी होती. आताही तेवढीच आहे.